ॲपल पायचे पदर आणि डुकराची चरबी

ॲपल पायच्या पारीचं पीठ नीट मळलं, की पाय बिघडते. रोज कणीक तिंबणाऱ्या हाताला हे चमत्कारिक वाटेल. पण अमेरिकेतल्या जुन्या वळणाच्या पायची पारी सुरी लावताच पापुद्रे सुटून मोडायला हवी असेल, तर त्या पिठात चरबीचे वाटाण्याएवढे खडे न मिसळता, डोळ्यांना दिसतील असे राहावे लागतात. ते ओव्हनपर्यंत तसेच पोहोचवणं एवढंच तर काम असतं. आणि जुन्या पाककृतींमध्ये ही चरबी असते डुकराची; कढवून गाळलेल्या या चरबीला लार्ड म्हणतात. शाकाहारी वाचकांनी नाक मुरडून इथेच थांबू नये. पदर सुटण्याचं शास्त्र लोण्या-तुपालाही लागू आहे.

गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं असतात. पाणी मिळालं आणि मळणं सुरू झालं, की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनची लवचीक जाळी तयार होते. पोळी लाटायला आणि पाव फुगायला ही जाळी हवीच. पायच्या पारीत मात्र ती जास्त झाली की पारी चामट होते, लाटताना आकसते आणि भाजताना भांड्याच्या कडेवरून खाली घसरते. अजिबात नसेल तर पारी उचलताच भुगा. म्हणून पाणी जेमतेम घालायचं. वजनानं तीन भाग मैदा, दोन भाग चरबी आणि एक भाग पाणी, असं तिकडच्या बेकरांचं जुनं प्रमाण आहे. पीठ गोळा होतंय न होतंय एवढ्यावर हात थांबवायचा आणि गोळा अर्धा-एक तास फ्रिजमध्ये ठेवायचा. त्या वेळात पाणी पिठात सारखं पसरतं, ताणलेलं ग्लुटेन सैलावतं आणि चरबी पुन्हा घट्ट होते.

आता लाटणं. लाटण्याखाली चरबीचा प्रत्येक खडा चपटा होतो आणि त्याचा पातळ पत्रा बनतो. त्याच्या वर ओलं पीठ, खाली ओलं पीठ. ओव्हन सुरुवातीला चांगला तापलेला, २२० अंश सेल्सिअसच्या आसपास हवा. आत गेल्यावर चरबी वितळून शेजारच्या पिठात जिरते आणि तिच्या जागी फट उरते. पाठोपाठ पिठातल्या पाण्याची वाफ होऊ लागते. वाफ झाली की पाण्याचं आकारमान सुमारे १,७०० पट वाढतं, त्यामुळे इवल्याशा ओलाव्यातही वरचा थर उचलण्याइतका जोर असतो. थर उचललेला असतानाच ग्लुटेन आणि स्टार्च घट्ट झाले, की तो पुन्हा खाली बसत नाही. ओव्हन कोमट असेल तर हा क्रम चुकतो: चरबी आधीच वितळून वाहते, वाफ मागाहून येते, आणि तिला उचलायला सुटे थर उरलेलेच नसतात.

चरबी पिठात पूर्ण मुरवली तर काय होतं, हे आपल्याला शंकरपाळ्यांवरून माहीत आहे. कडकडीत मोहन मैद्यावर ओतून हातानं चोळलं, की पिठाच्या कणाकणाला तुपाचं अस्तर बसतं. पाणी कणांपर्यंत नीट पोहोचत नाही आणि ग्लुटेन बेताचंच तयार होतं. मुठीत दाबून मुटका वळला की मोहन बरोबर, आणि शंकरपाळी खुसखुशीत. पण खुसखुशीत म्हणजे पदर सुटलेली नव्हे. पदर हवे असतील तर आपण चिरोटे करतो. त्यात तूप आणि तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर फेटून केलेला साटा पोळ्यांच्या मध्ये लावून गुंडाळी करतो, म्हणजे प्रत्येक थर कुठे येणार हे आधीच ठरलेलं असतं. चिनी बेकर पाण्यात भिजवलेल्या पिठात लार्ड आणि मैद्याचा गोळा भरून, लाटून, घड्या घालून पदर काढतात. तोही एक साटाच म्हणायचा. पायमध्ये अशी शिस्त नसते. खडे पिठात कुठेही पडलेले असतात, म्हणून पापुद्रे वेडेवाकडे, कुठे मोठे तर कुठे तुटक येतात. माझ्या मते खाण्यातली मजा त्या बेशिस्तीत आहे, पण चिरोट्यांच्या चाहत्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

याच डुकराच्या चरबीतून अगदी निराळी पारीही निघते. इंग्लंडमधल्या मेल्टन मोब्रेची पोर्क पाय करताना लार्ड गरम पाण्यात वितळवून ते मैद्यावर ओततात. खडे राहायचा प्रश्नच नाही. गरम पाण्यानं स्टार्च थोडा फुगतो आणि पीठ मातीसारखं घडवता येतं; भांड्याच्या आधाराशिवाय भिंती उभ्या राहतात. पदर एकही नाही. चरबी तीच आणि मैदाही तोच, पण ती घन असताना घातली की वितळवून, यावरून पारीची जात ठरते.

मग लोणी सोडून लार्डच का? पहिलं कारण पाण्याचं. पाश्चात्त्य लोण्यात साधारण ८० ते ८२ टक्केच स्निग्धांश असतो; उरलेल्यात मुख्यतः पाणी. लार्ड म्हणजे कढवलेली चरबी, त्यामुळे जवळजवळ शंभर टक्के स्निग्ध. लोण्यातलं पाणी वाफेला मदत करतं, पण पीठ हाताळताना ते मैद्यात उतरून थोडं ग्लुटेनही वाढवतं. दुसरं कारण तापमानाचं. फ्रिजमधून काढलेलं लोणी कडक असतं, लाटताना त्याचे तुकडे पडतात. जरा ऊब लागली की ते पिठाला माखतं, आणि ३२ ते ३५ अंशांना वितळून जातं. लार्ड थंड असतानाही लाटण्याखाली न तुटता पसरतं. ते पुरतं वितळायला, डुकराच्या शरीरातल्या कोणत्या भागाची चरबी आहे त्यानुसार, ३५ ते ४८ अंश लागतात. सगळ्यात घट्ट आणि बिनवासाची चरबी मूत्रपिंडांभोवतीची. पायसाठी जुन्या सुगरणी तीच राखून ठेवत. तिचे बारीक तुकडे करायचे, बुडाला लागू नयेत म्हणून थोडंसं पाणी घालायचं आणि मंद आचेवर कढवायचं. पाणी उडून जातं, कुरकुरीत चोथा उरतो, आणि गाळलेली चरबी गार झाली की पांढरीशुभ्र थिजते. आच वाढली तर मात्र तळलेल्या मांसाचा वास उतरतो, आणि सफरचंदाशेजारी तो कुणालाच नको असतो.

तिसरं कारण स्फटिकांचं. चरबीचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला जोडलेली तीन स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिड्स). थिजताना हे रेणू एकाहून अधिक प्रकारे रचले जातात आणि त्या रचनांना अल्फा, बीटा-प्राइम आणि बीटा अशी नावं आहेत. बीटा-प्राइम स्फटिक बारीक, सुईसारखे असतात. ते फेटताना हवेचे बुडबुडे धरून ठेवतात, म्हणून केकसाठी चांगले. बीटा स्फटिक मोठे आणि भरड. लार्डचा ओढा बीटाकडे असतो, म्हणून त्याचा केक बसका होतो, पण पायमध्ये त्याचे खडे पिठात विरघळल्यासारखे न होता पत्र्यासारखे पसरतात.

हा ओढा येतो कुठून? बहुतेक वनस्पती तेलांत पामिटिक आम्ल हे संपृक्त (सॅच्युरेटेड) स्निग्धाम्ल कण्याच्या टोकांच्या जागी बसतं. डुकराच्या चरबीत ते मुख्यतः मधल्या जागी असतं. ही मांडणी निसर्गात तशी विरळाच, पण आईच्या दुधातल्या स्निग्धांशातही पामिटिक आम्ल बहुतांश मधल्याच जागी असतं. बाळांच्या डब्यातल्या दुधासाठी वनस्पती तेलांची रचना बदलून ते मध्ये बसवण्याचा उद्योग आज चालतो. रसायनतज्ज्ञांनी लार्डमधली स्निग्धाम्लं जागा बदलून विस्कटून पाहिली, तेव्हा तीच चरबी बीटा सोडून बीटा-प्राइमकडे झुकली. घटक तेच, फक्त बसण्याच्या जागा बदलल्या होत्या.

इतकी गुणी चरबी मग स्वयंपाकघरातून गेली कशी? याचं बरंचसं उत्तर ओहायोमधल्या सिनसिनाटी शहरात सापडतं. एकोणिसाव्या शतकात तिथे डुकरांच्या कत्तलखान्यांची इतकी गर्दी होती, की शहराला ‘पोर्कोपोलिस’ असंच म्हणत. त्या चरबीच्या जोरावर तिथे साबण आणि मेणबत्त्यांचे कारखाने निघाले, आणि १८३७ मध्ये एक मेणबत्तीवाला आणि एक साबणवाला अशा दोन साडूंनी प्रॉक्टर अँड गॅम्बल सुरू केली. पुढे जर्मन रसायनतज्ज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी निकेलच्या साहाय्यानं द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते थिजवण्याची रीत शोधली आणि १९०२ मध्ये पेटंट घेतलं. प्रॉक्टर अँड गॅम्बलनं सरकीच्या तेलावर ही युक्ती वापरून १९११ मध्ये ‘क्रिस्को’ बाजारात आणलं. डुकराच्या चरबीवर वाढलेल्या शहरातून तिचा प्रतिस्पर्धी निघाला. क्रिस्को स्वस्त होतं, त्याला वास नव्हता, आणि डुकराला हात न लावणाऱ्या ज्यू घरांतही ते चालत होतं. आपल्याकडे १९३७ मध्ये आलेला डालडा याच घराण्यातला.

पण तेल अर्धवट थिजवताना ट्रान्स स्निग्धाम्लं तयार होतात आणि ती हृदयाला घातक असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१५ मध्ये अशा तेलांची सुरक्षित पदार्थांतली जागा काढून घेतली. भारतात जानेवारी २०२२ पासून तेलातुपातल्या ट्रान्स स्निग्धाम्लांवर २ टक्क्यांची मर्यादा आली. ट्रान्स स्निग्धाम्लांच्या या बदनामीबरोबर लार्डचं कौतुक पुन्हा सुरू झालं, आणि ते जरा जास्तच झालं असं मला वाटतं. लार्डच्या १०० ग्रॅममध्ये संपृक्त स्निग्धांश सुमारे ३९ ग्रॅम, तर लोण्यात सुमारे ५१. लोण्यापेक्षा बरं, एवढंच. शिवाय अमेरिकी दुकानांत फ्रिजबाहेर मिळणारी लार्डची वडी बऱ्याचदा हायड्रोजन घालून टिकाऊ केलेली असते. जुन्या पाककृतीतलं लार्ड ते नव्हे.

या पिठाभोवती समजुतीही पुष्कळ आहेत. चमचाभर व्हिनेगर घातल्यानं ग्लुटेन मोडतं असं सांगतात. तेवढ्या आम्लानं काही मोडत नाही, उलट थोडं आम्ल त्याला बळकटच करतं. फ्रिजमध्ये राहिलेलं पीठ करडं पडू नये, यासाठी मात्र त्याचा उपयोग होतो. अर्ध्या पाण्याऐवजी व्होडका घालायची २००७ ची अमेरिकी युक्ती खरोखर चालते. व्होडकात साधारण ४० टक्के अल्कोहोल असतं आणि अल्कोहोलमध्ये ग्लुटेन तयार होत नाही. पीठ लाटण्याइतकं ओलं होतं, चामट होत नाही, आणि अल्कोहोल बहुतेक ओव्हनमध्ये उडून जातं.

लार्ड नको असेल तर त्याच्या सगळ्यात जवळचं आपल्याकडचं तूप. तेही कढवलेलं आणि जवळजवळ बिनपाण्याचं, म्हणून पाककृतीत १०० ग्रॅम लोणी सांगितलं असेल तर तूप ८० ते ८५ ग्रॅम पुरतं आणि पाणी साधारण एक मोठा चमचा (१५ मिलिलिटर) वाढवावं लागतं. मात्र ते लोण्याइतक्याच उष्णतेला वितळतं, म्हणजे मे महिन्यात पुण्या-नागपुरात ओट्यावरच. तूप पातळ थापून फ्रिजरमध्ये कडक करायचं, सुरीनं चौकोनी तुकडे पाडायचे, मैदा आणि भांडंही गार करून घ्यायचं, आणि तुकडे पिठात बोटांच्या टोकांनीच दाबायचे. तळहात फार गरम असतो. एवढं करूनही तुपाच्या पारीचे पापुद्रे लार्डपेक्षा बारीक आणि थोडे रवाळ येतात, पण आंब्याच्या सारणाबरोबर मला ते लार्डपेक्षा जास्त आवडतात.