हात कच्चा, गोल मोठा

‘सातपुड्यातल्या झाडपाल्याने घातक जीवाणूंचा खात्मा!’ अशा थाटाचा मथळा आमच्या जळगाव-धुळ्याकडे अधूनमधून झळकतो. सोबत काचेच्या बशीचा फोटो: पिवळट थर आणि त्यात एक स्वच्छ गोल. फोटो व्हॉट्सॲपवर फिरू लागला की दोन दिवसांत गोष्ट ‘आता डॉक्टरची गरज नाही’पर्यंत जाते. त्या गोलाविषयी मात्र कोणी अवाक्षर काढत नाही.

वनस्पती बऱ्याचदा एकदांडी असते. कंबरमोडी, दगडी पाला ही तिचीच नावं. बांधावर, केळीच्या बागेच्या कडेला कुठेही उगवते. पानं केसाळ आणि कातरलेली, लांब दांड्याच्या टोकाला एकुलतं एक फूल. घड कापताना विळा लागला की माणूस तिचा पाला तळहातावर चोळतो, रस जखमेवर पिळतो आणि पुन्हा कामाला लागतो. उंदरांवरच्या प्रयोगांत या पाल्याने जखम भरून यायला मदत झाल्याचं दिसलं आहे, त्यामुळे मी त्याची थट्टा करणार नाही. फक्त ‘ऋषिमुनींच्या काळापासून’ हे शेपूट लावू नका. एकदांडी मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसाने वाट दाखवल्यानंतरच ती कधीतरी इकडे पोहोचली.

आता गोल, म्हणजे जिथे जीवाणू वाढलेच नाहीत ती जागा. बशीत अगारचा, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीचा, ४ मिलिमीटर जाड थर असतो. त्यावर जीवाणू सगळीकडे सारखे फासायचे, एक भोक पाडायचं, त्यात अर्क सोडायचा आणि बशी रात्रभर ३५ ते ३७ अंशांवर ठेवायची. इथून दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. अर्क भोकातून चहूबाजूंनी झिरपू लागतो आणि जितका लांब जाईल तितका विरळ होतो. जीवाणू आधी थोडा दम खातात, मग दुपटीने वाढू लागतात. काही तासांनी त्यांची गर्दी इतकी होते की यापुढे पोहोचणारा अर्क त्यांना रोखू शकत नाही. त्या घटकेला अर्क जिथपर्यंत पुरेसा दाट असेल, तिथे गोलाची कड पडते. आपल्याला ती सकाळी दिसते, पण तिचा निकाल आदल्या रात्रीच लागलेला असतो.

या शर्यतीचं गणितही आहे. भोकापासून कडेपर्यंतच्या अंतराचा वर्ग हा तीन गोष्टींच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो: अर्क झिरपण्याचा गुणांक, ती निर्णायक घटका यायला लागलेला वेळ आणि मात्रेचा लॉगॅरिदम. लॉगॅरिदम शाळेतच सोडून आला असाल तर एवढंच धरा की मात्रा दसपट केली तरी गोल थोडासाच रुंदावतो. उलट, एखादा पदार्थ झिरपतच नसेल तर तो कितीही जालीम असला तरी गोल चिमुकलाच राहतो. हळदीतल्या कर्क्युमिनचं हेच होतं. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि अगारमध्ये अडून बसतं.

वेळेचा मुद्दा तर माझा विशेष आवडता. जीवाणू विरळ फासले तर गर्दी व्हायला जास्त तास लागतात, अर्क तोवर पुढे सरकतो आणि गोल मोठा येतो. अगारचा थर पातळ ओतला तरी तेच. म्हणजे ज्याचा हात कच्चा, त्याचा गोल मोठा! म्हणून विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला बसले की मी गोल नंतर मोजते, आधी हात बघते. जीवाणूंच्या द्रवाची नळी आणि ०.५ मॅकफार्लंडची गढूळ प्रमाण नळी (जीवाणू किती दाट असावेत याचं माप) शेजारी धरून, मागे काळ्या रेघांचं कार्ड लावून, विद्यार्थी दोन्हींतल्या रेघा ताडून बघतो की नुसती नजर टाकून ‘झालं मॅडम’ म्हणतो, यावर निम्मे गुण ठरतात. आमच्याकडे मे महिन्यात आणखी एक गंमत. साधा इन्क्युबेटर, म्हणजे बशा ठेवायची उबदार पेटी, फक्त तापवतो, थंड करत नाही. काटा ३७ वर आणि खोलीच ४० च्या वर असेल, तर बशी खोलीचंच ऐकते.

बातमीतली तुलनाही तपासून बघा. ‘अर्काचा गोल जेंटामायसिनइतकाच!’ जेंटामायसिन हे प्रतिजैविक. त्याच्या प्रमाणित चकतीत १० मायक्रोग्रॅम औषध असतं. अर्काचं द्रावण मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम करून त्यातलं ०.१ मिलिलिटर भोकात सोडलं, तर झाले १० मिलिग्रॅम. हजार पट! शिवाय अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल तर शेजारच्या भोकात नुसतं अल्कोहोल घालून पाहिलं का, हे विचारावंच लागतं.

जखम तर बशीहून फारच वेगळी. तिच्यात रक्त, पू, मेलेली कातडी असते, आणि जुन्या जखमेत जीवाणू स्वतःभोवती चिकट थर विणून बसतात. सुडोमोनास नावाचा जीवाणू तर याच कामात वाकबगार. त्याला बाहेरचं जादा आवरणही असतं.

आणि ज्याची खरी धास्ती घ्यावी तो धनुर्वाताचा जीवाणू या बशीत येतच नाही. त्याला ऑक्सिजन सोसत नाही आणि ही चाचणी उघड्या हवेत होते. त्याचे बीजाणू मातीत, शेणात असतात, पाला थोडा वेळ उकळला तरी मरत नाहीत, आणि बाभळीच्या काट्याने पडलेलं खोल, रक्त न आलेलं भोक त्यांना फार मानवतं. पुढे जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी वाकते, शुद्ध मात्र पूर्ण असते. हे झटके पाहून ‘बाहेरचं लागलं’ म्हणत रोग्याला भगताकडे नेण्यात जे तास जातात, ते परत मिळत नाहीत. यावर लस आहे. पूर्वीच्या टीटीच्या जागी आता सरकारी दवाखान्यात टीडी देतात, तिच्यात घटसर्पाचीही लस असते. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची आणि शेवटचा डोस कधी झाला हे तिथे सांगायचं, पाला लावला असला तरी.