गावठी बंदुका व शस्त्रनियंत्रण (ग्रामीण विदर्भ)

विनापरवाना, हाताने घडवलेली अग्निशस्त्रे आणि त्यांना आवर घालणारी कायदेशीर व्यवस्था. विदर्भात अशी शस्त्रे मुख्यतः दोन प्रकारची. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात 'भरमार', म्हणजे ठासणीची बंदूक, शिकारीसाठी आणि पीकराखणीसाठी घरात असते. देशी कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, गुन्हेगारांकडे सापडतो. सातपुड्यापलीकडचे बडवानी, खरगोन, बुऱ्हाणपूर हे जिल्हे त्याच्या बेकायदा निर्मितीसाठी कुप्रसिद्ध आहेत.

बंदूक घरीच बनत असेल तर कायदा काय कामाचा, असे नेहमी विचारले जाते. कट्ट्यापुरते उत्तर काडतुसात आहे. कट्टा लपूनछपून घडतो, पण काडतूस बहुधा कारखान्यातलेच लागते. म्हणून परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते आणि दुकानदाराला विक्रीची नोंद ठेवावी लागते. ही नोंदवही ढिली पडली की कट्ट्यांचे पेव फुटते. शिवाय कट्ट्याची नळी काडतुसाचा दाब पेलेलच असे नाही. ती फुटली तर चालवणाऱ्याचीच बोटे जातात. जर्मनीतील हाले येथे 9 ऑक्टोबर 2019 रोजी हल्लेखोराच्या घरगुती बंदुका वारंवार अडकल्या. तरीही दोन माणसे गेली. जपानमध्ये 8 जुलै 2022 रोजी माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या घरगुती बंदुकीनेच झाली. नियंत्रणाने धोका आटतो, संपत नाही.

भरमारीला मात्र हा लगाम बसत नाही. तिला काडतूसच नको. सुटी दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून गजाने ठासतात. इथे परवाना आणि शस्त्र जमा करून घेणे हेच उपाय उरतात. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची स्पष्ट तरतूद आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि पोलीस अहवालानंतर निर्णय होतो. खरी अडचण अंतराची: धान लोंबीला आलेले असताना तालुक्याला नि जिल्ह्याला खेपा घालणे शेतकऱ्याला जमत नाही. परवाना मिळाला म्हणून रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारता येत नाही. वन्यजीव कायद्याखाली वनविभागाची वेगळी परवानगी लागते.

2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षे आणि बेकायदा निर्मितीस किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. पण खटले कागदावर पडतात. जप्तीच्या जागीच पंचांसमक्ष लाखेचे सील लागले नाही, शस्त्र चालू स्थितीत असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल आला नाही, किंवा कलम 3 च्या (विनापरवाना शस्त्र बाळगण्याच्या) गुन्ह्यासाठी कलम 39 खाली लागणारी जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी राहून गेली, की आरोपी सुटतो.

भरमार जमा करून घेताना पिकाच्या राखणीची सोयही त्याच वेळी लावावी लागते: झटका मशीन (कुंपणाच्या तारेतून सौम्य झटका देणारे यंत्र), जाळीचे कुंपण, पीकनुकसानीचा वेळेत पंचनामा. नाहीतर शेतकरी तारेत थेट वीज सोडतो. त्या तारेवर वाघही मरतो आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही.