खांदा केसभर पुढे, बोल्ट अडला

जिथे कायदा परवानगी देतो, तिथे बरेच रायफल नेमबाज आपली काडतुसं स्वतःच भरतात. झाडलेल्या पितळी पुंगळ्या धुवायच्या, साच्यातून दाबून मूळ मापाला आणायच्या, नवा प्रायमर (दारूला ठिणगी देणारी बुडातली टोपी), मोजून दारू, वर गोळी. आणि मग एखाद्या दिवशी पहिलंच काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतुसाच्या खोबणीत सरकवावं, तर ती मागून बंद करणाऱ्या दांड्याची, बोल्टची, मूठ अर्ध्यावरच थांबते. जोर लावला तर मिटेलही कदाचित. तो जोर लावू नये, एवढं आत्ताच सांगून ठेवतो. कारण पुढे येईल.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय गोळीवर जातो. गोळी जरा जास्तच बाहेर राहिली असणार, म्हणून ती आणखी आत दाबली जाते. तपासाची याहून वाईट सुरुवात नाही. गोळी आत गेली की दारूच्या वाट्याची जागा घटते आणि झाडताना दाब वाढतो. शिवाय दोष पुंगळीत असेल, आणि बहुधा तो तिथेच असतो, तर एवढं करूनही बोल्ट अडायचा तो अडतोच.

आजच्या बहुतेक रायफलींची पुंगळी बाटलीसारखी असते: खाली जाड बूड, मग किंचित निमुळतं होत जाणारं अंग, मग उतरता खांदा आणि शेवटी गोळीला धरून ठेवणारी मान. काडतूस चेंबरमध्ये किती आत जाणार हे ठरवतो खांदा. तो चेंबरच्या खांद्याला टेकला की काडतूस पुढे सरकत नाही. उदाहरणादाखल १९५२ साली बाजारात आलेलं .३०८ विंचेस्टर घ्या. बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यावरच्या ठरावीक जागेपर्यंतचं अंतर अमेरिकी मानकानुसार किमान ४१.४० मिलिमीटर आणि कमाल ४१.६६ मिलिमीटर असावं लागतं. म्हणजे सगळी मोकळीक पाव मिलिमीटरची. काळजीने भरणारे लोक तर खांदा स्वतःच्या रायफलीच्या चेंबरपेक्षा जेमतेम ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर मागे ठेवतात. माणसाचा केसही साधारण याहून जाड असतो.

इतक्या बारीक हिशेबात पितळेचा स्वभाव आडवा येतो. पुंगळीच्या पितळेत ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. गोळी झाडली की आतला दाब एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपासच्या वेळात हवेच्या नेहमीच्या दाबाच्या चार हजार पटींवर जाऊ शकतो. पुंगळी फुगते आणि चेंबरच्या पोलादी भिंतीला घट्ट चिकटून गॅसची वाट बंद करते. दाब उतरला की पोलाद जागेवर येतं, पितळही थोडं आक्रसतं आणि भिंतीपासून सुटतं. ते सुटतं म्हणून तर रिकामी पुंगळी बाहेर ओढता येते. पण ती पूर्वीच्या मापाला परत जात नाही. आता तिचा आकार त्या चेंबरचा झालेला असतो.

साच्यात नेमकं उलट घडतं. तिथे पुंगळी बाहेरून दाबली जाते आणि साच्यातून निघाली की किंचित फुलते. किती फुलेल? पदार्थाची ताण सोसण्याची हद्द भागिले त्याचा ताठरपणा, असा ढोबळ हिशेब करता येतो. पितळेचा ताठरपणा सुमारे ११० गिगापास्कल, म्हणजे १,१०,००० मेगापास्कल. मऊ केलेलं पितळ शंभरेक मेगापास्कलला वाकतं, तर बऱ्याचदा दाबून-ताणून कडक झालेलं चारशेच्या आसपास. म्हणजे मऊ पितळ हजारात एक भाग परत फुलतं आणि कडक पितळ हजारात जवळजवळ चार. बारा मिलिमीटर जाडीच्या अंगावर हा फरक ०.०१ मिलिमीटर की ०.०४ मिलिमीटर, असा पडतो. खांद्याचा सगळा व्यवहार ज्या मापात चालतो, त्याच मापात.

त्यामुळे पहिल्या दोन-तीन खेपांना बिनतक्रार चालणारा साचा पाचव्या-सहाव्या खेपेला दगा देतो. साचा तोच, प्रेस (साचा आट्यांवर फिरवून ज्यात बसवतात ते दाबयंत्र) तीच, हातही तोच. बदललेलं असतं पितळ. भांडं ठोकता ठोकता मध्येच ते तापवून मऊ करणाऱ्या तांबटाला ही गोष्ट धातुशास्त्र जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. काडतूस भरणारेही मान आणि खांदा तापवून मऊ करतात. बूड मात्र कधीही तापवायचं नसतं, कारण तिथलं पितळ कडक आहे म्हणूनच ते दाब सोसतं.

यातली सगळ्यात बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अजून सांगायचीच आहे. साच्यातून काढलेली पुंगळी कधी कधी आधीपेक्षा लांब निघते. पुंगळीचं अंग साच्यात शिरून चहूबाजूंनी आवळलं जातं तेव्हा तिचा खांदा अजून साच्याच्या खांद्यापर्यंत पोचलेलाही नसतो. आवळलेल्या पितळेला कुठेतरी जायला हवं, ते वर जातं आणि खांदा पुढे सरकतो. पुंगळी आणखी आत गेली की साच्याचा खांदा तिला खाली ढकलतो. साचा पुरेसा खाली बसवला नसेल तर ही दुसरी पायरी घडतच नाही आणि हातात येते एक छान आवळलेली पण खांदा पुढे गेलेली पुंगळी. झाडल्यानंतर ती आपल्याच चेंबरमध्ये सहज जात होती. ‘दुरुस्त’ केल्यावर जाईना. नवख्या माणसाची अर्धी गाऱ्हाणी इथेच उगवतात. त्यात मानेला आतून वंगण लावलेलं नसेल, तर साच्यातून बाहेर येताना मान आतून योग्य मापाला रुंदावणारा साच्यातला मधला गोळा मानेला धरून वर ओढतो आणि खांदा आणखी पुढे येतो. असं झालं की मी साच्याला दोष देत नाही. प्रत्येक वेळी पाव फेऱ्याहूनही कमी असा साचा खाली घेत जावं आणि दर वेळी खांदा मोजावा. एकदम दोन फेरे खाली घेऊन खांदा फार मागे ढकलला, तर झाडताना बुडाजवळचं पितळ ताणलं जाऊन काही खेपांत पुंगळी तिथेच तुटू शकते.

पितळेत अडकून राहणाऱ्या ताणाची एक जुनी गोष्ट इथे आठवते. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात, विशेषतः तबेल्यांजवळ ठेवलेली, आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पुंगळीत उरलेला ताण, या दोघांचं ते काम होतं, हे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ साली दाखवून दिलं. पुंगळ्या अमोनिया असलेल्या पातळ द्रवाने चमकवण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

खांदा निर्दोष ठरला तर बाकीचे संशयित. पुंगळीची मान लांब झाली असेल तर तिचं तोंड चेंबरच्या टोकाला जाऊन भिडतं. .३०८ विंचेस्टरची कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर, त्यापुढे गेली की कापावीच लागते. जोर लावू नये म्हणालो ते मुख्यतः यासाठी. दामटून मिटवलेल्या बोल्टमुळे लांब मान गोळीभोवती चिमटली जाते, गोळी वेळेवर सुटत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीला जातो. जे काडतूस मुळीच आत गेलं नाही ते एक वेळ परवडलं. दांडगाईने गेलेलं नाही.

गोळी बसवणारा साचा फार खाली असेल तर तो मानेला दाबून खांद्याखाली नजरेला न दिसणारा फुगवटा आणतो. पुंगळ्यांची लांबी एकसारखी नसेल तर हा फुगवटा काहींतच येतो आणि माणूस चक्रावतो. दुसऱ्याच्या, जरा ऐसपैस चेंबरच्या रायफलीतून आलेली पुंगळी बुडाशी रुंद असते. मग वर राहिलेला प्रायमर, कडेला उठलेली धातूची धार, चेंबरमधला कचरा. यांना फार शब्द द्यायला नकोत. बोट फिरवलं तरी सापडतात.

नेमका चोर पकडायची युक्ती सोपी आहे. दारू-प्रायमर नसलेली, नुसती साच्यातून काढलेली पुंगळी चेंबरमध्ये घालून बघा. ती अडली तर गोळीचा संबंधच नाही. ती सहज गेली तर त्याच रिकाम्या पुंगळीवर गोळी बसवून पुन्हा बघा. आता अडली, तर गोळी बसवताना काहीतरी घडलं. माहीतगार लोक या तपासणीआधी बोल्टमधली फायरिंग पिन (प्रायमरवर आघात करणारी सुई) आणि इजेक्टर (रिकामी पुंगळी बाहेर फेकणारा खटका) काढून ठेवतात. मग मूठ स्वतःच्या वजनाने पडते आणि बारीकशी अडचणही हाताला कळते.

पुढचं काम काळ्या मार्करचं. पुंगळी आणि गोळी शाईने रंगवायची, चेंबरमध्ये घालून काढायची आणि शाई कुठे घासली गेली ते बघायचं. खांद्यावर चकचकीत कडं उमटलं तर साचा खाली घ्यायचा. बुडाच्या जरा वर घासलं असेल तर अंग रुंद आहे. मानेच्या ओठावर असेल तर कापणी. आणि गोळीच्या फुगीर भागावर समान अंतरावर उभ्या खुणा दिसल्या, तर ते गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या पिळाचे कंगोरे. आता, आणि आताच, गोळीवर संशय घ्यायला हरकत नाही. तेव्हाही ती मनाने आत दाबायची नाही. त्या गोळीसाठी प्रमाणित पुस्तकात दिलेली लांबी आणि दारूचं प्रमाण बघून कमी मापापासून पुन्हा सुरुवात करायची.

भरलेलं काडतूस अर्ध्यावर अडकलंच, तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून बोल्ट हलक्या हाताने मागे घ्यायचा. कंगोऱ्यांत रुतलेली गोळी कधी कधी नळीतच राहते आणि दारू चेंबरमध्ये सांडते. नाहीच निघालं, तर हातोडी नको, गज नको. रायफल तशीच बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे.