फोटो आपण काढला, पण हक्क कोणाचा? कॉपीराइट नोंदणीची माहिती

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात किंवा काठीच्या राजवाडी होळीला काढलेला आपला फोटो भलत्याच्याच फ्लेक्सवर दिसला, की खान्देशातले फोटोग्राफर आधी हळहळतात ते नोंदणी केली नाही म्हणून. नोंदणी नसली तरी कॉपीराइट असतोच. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे फोटो काढताक्षणी हक्क तयार होतो, मग फोटो कलात्मक असो वा नसो. छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे तो टिकतो. नोंदणी कामी येते ती कोर्टात, कारण नोंदवहीतली नोंद प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते.

खरी मेख वेगळीच आहे. पैसे घेऊन ऑर्डरने काढलेल्या फोटोचा पहिला मालक ऑर्डर देणारा असतो, हे कलम 17 सांगते. म्हणजे लग्नाचे, प्री-वेडिंगचे, दुकानाच्या मालाचे फोटो तुम्ही काढले तरी, उलट करार नसेल तर, हक्क गिऱ्हाईकाचा. स्टुडिओत पगारावर असाल तर तो सहसा मालकाचा. म्हणून बुकिंगच्या पावतीवरच ‘कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील’ असे छापून गिऱ्हाईकाची सही घ्या. लग्नघरात हा विषय काढायला अवघड वाटते, पण सही ॲडव्हान्स घेतानाच होते, नंतर कोणी करत नाही. हक्क दुसऱ्याचा असला तरी फोटोखाली नाव मिळण्याचा अधिकार तुमचाच राहतो.

स्वतःच्या हौसेने काढलेले तोरणमाळचे, केळीच्या बागांचे फोटो मात्र सरळ नोंदवता येतात. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर खाते उघडून नमुना 14 भरायचा. सोबत तपशीलपत्रके, फोटोची प्रत आणि ओळखपत्र जोडायचे. अर्जदार आणि छायाचित्रकार वेगळे असतील तर छायाचित्रकाराचे ना-हरकत पत्र लागते, फोटोत व्यक्ती असेल तर तिचेही मागतात. वकिलामार्फत अर्ज असेल तर मुखत्यारपत्र. शुल्क प्रत्येक कृतीला, म्हणजे इथे प्रत्येक फोटोला, 500 रुपये. फोटो मालाच्या वेष्टनावर वगैरे वापरायचा असेल तर 2000. हार्डडिस्कवरचे सगळे फोटो नोंदवत बसू नका, ज्यांना बाजारात मागणी आहे असे चार-दोन निवडा.

अर्ज गेला की डायरी क्रमांक, म्हणजे अर्जाचा नोंद क्रमांक, मिळतो. मग हरकतींसाठी 30 दिवस थांबावे लागते. त्यानंतर तपासणी होते; त्रुटी काढली तर मुदतीत उत्तर द्या.

फोटो चोरीला गेलाच, तर आधी स्क्रीनशॉट, लिंक आणि तारीख जपून ठेवा. मूळ रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली फाईल, तर कधीच पुसू नका. फोटो इंटरनेटवर असेल तर त्या संकेतस्थळाला मालकीच्या पुराव्यासह लेखी तक्रार द्या; नियमांप्रमाणे 36 तासांत तो दिसेनासा करायचा असतो. पण 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर फोटो पुन्हा दिसू शकतो, आणि ही अट बहुतेकांना ठाऊक नसते. दाव्यासाठी चोराच्या गावी जायची गरज नाही. तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता, तिथल्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारलाही तो लावता येतो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. भरपाईच्या दाव्याची मुदत 3 वर्षांची.