ह्मोंग घागऱ्यावरची पांढरी रेघ

निळ्या ह्मोंग घागऱ्यावरची बारीक पांढरी नक्षी कुणी रंगवलेली नसते. तिथे निळीला पोचूच दिलेलं नसतं. दक्षिण चीन, उत्तर व्हिएतनाम, लाओस आणि थायलंडच्या डोंगरांत राहणाऱ्या ह्मोंग बायका मेणाने हे काम करतात.

कापड भांगेच्या वाखाचं. बी मुद्दाम दाट पेरतात, म्हणजे रोपं फांद्या न फुटता सरळ वर जातात. फांदी फुटली की तिथे सालीची पट्टी तुटते. सोललेल्या पट्ट्या टोकाला टोक जोडून वळायच्या, पीळ देऊन राखेच्या पाण्यात उकळायच्या, मग विणायचं. विणलेलं कापड लाकडी ओंडक्यावर घालून वर सपाट दगड ठेवतात. बाई दगडाच्या दोन टोकांवर पाय रोवून उभी राहते आणि डावी-उजवीकडे झुलते. कापड गुळगुळीत होईपर्यंत हे चालतं. ही पायरी टाळली तर लेखणी धाग्यांत अडकते आणि रेघ तुटते.

लेखणी म्हणजे बांबूच्या काडीला बांधलेली तांब्याची दोन-तीन छोटी पाती. बोरूसारखीच, फक्त शाईच्या जागी पातळ मेण, आणि ते पात्यांमधल्या फटीत धरून राहतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणून वाटी निखाऱ्यांजवळच असते. मेण गार असेल तर वरवर बसतं आणि खालून रंग शिरतो; फार तापलं तर रेघ फुटून पसरते. कापड उलटून बघावं: रेघ मागे उमटली असेल तर मेण बरोबर मुरलंय.

निळीचं झाड आपल्या कारवीचं भावंड, एकाच कुळातलं आणि एकाच प्रजातीतलं (genus). पानं दोन-तीन दिवस पाण्यात कुजवतात, चुना घालून पाणी घुसळतात. हवा लागली की निळा गाळ तळाशी बसतो. पण हा गाळ पाण्यात विरघळत नाही, मग धाग्यात शिरणार कसा? त्यासाठी पिंपात राखेचं पाणी आणि तांदळाची दारू घालतात. तिथले जिवाणू निळीतला ऑक्सिजनचा प्रभाव उलटवतात, ती विरघळते आणि पाणी पिवळट हिरवं होतं. पाणी निळंच राहिलं तर पिंप अजून तयार नाही. थंडीत हे हमखास होतं, कारण जिवाणू मंदावतात.

बुडवलेलं कापड हिरवट निघतं आणि हवेत बघता बघता निळं होतं. गडद रंग हवा म्हणून ते पिंपात तासन्‌तास ठेवणं चूक, त्याने आधी बसलेली नीळही सुटू लागते. बुडवणं, वाळवणं, पुन्हा बुडवणं, असं कित्येक दिवस करावं लागतं. उकळत्या रंगात हे मेण टिकलंच नसतं. नीळ गार पाण्यात चढते, म्हणूनच ही जोडी जमली.

शेवटी कापड उकळत्या पाण्यात टाकलं की मेण वर तरंगतं. ते गोळा करून पुन्हा वापरतात. मग बारीक निऱ्या घालून दोऱ्याने टाचतात आणि घागरा आवळून बांधून ठेवतात, म्हणजे वाखाच्या कापडात घड्या पक्क्या बसतात.