निगामी-विगामी: ‘सामान्याकडून विशेषाकडे’ ही व्याख्या चुकीची आहे

‘निगामी (deductive) तर्क सामान्याकडून, म्हणजे सगळ्यांबद्दलच्या विधानाकडून, विशेषाकडे, म्हणजे एकेका उदाहरणाकडे जातो; विगामी (inductive) तर्क विशेषाकडून सामान्याकडे’ ही व्याख्या पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली जाते. तिचं मूळ अ‍ॅरिस्टॉटलपर्यंत जातं, पण आजच्या तर्कशास्त्रात ती टिकत नाही.

हे पाहा: वाड्यात तीनच खोल्या आहेत, पहिलीत वीज आहे, दुसरीत आहे, तिसरीत आहे, म्हणून वाड्यातल्या प्रत्येक खोलीत वीज आहे. विशेषाकडून सामान्याकडे गेलो, तरी युक्तिवाद निगामीच, आणि पूर्ण वैध. उलट, ‘या पेटीतले आतापर्यंत कापलेले आठही आंबे गोड निघाले, म्हणून नववाही गोड निघेल’ हा विगामी; इथे सामान्य विधान कुठेच नाही.

खरा फरक आधारविधानं, म्हणजे ज्यांच्यावरून निष्कर्ष काढतो ती विधानं, निष्कर्षाला किती बळ देतात याचा आहे. आधारविधानं खरी धरा आणि निष्कर्ष खोटा ठरेल अशी एखादी परिस्थिती रचून बघा. तीन खोल्यांच्या बाबतीत ती रचताच येत नाही, म्हणून तो युक्तिवाद निगामी. नववा आंबा मात्र आंबट निघू शकतो. तिथे निष्कर्ष फक्त संभाव्य असतो, आणि तसा दावा करण्यात काही गैर नाही. गणिती विगमन, म्हणजे १, २, ३… अशा सगळ्या संख्यांसाठी एखादं विधान सिद्ध करायची पद्धत, तर नावापुरतंच विगमन (विगामी तर्क) आहे: विधान आधी १ साठी सिद्ध करायचं, मग न या कुठल्याही संख्येसाठी ते खरं धरून न+१ साठी. ही सिद्धता निखळ निगामी असते.