डॉक्टरविरुद्ध मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करायची आहे? आधी केसपेपर मागा

उपचारात हलगर्जीपणा झाला असं वाटलं की नातेवाईक लगेच तक्रार लिहायला बसतात. त्याआधी रुग्णालयाकडे केसपेपरच्या प्रतींसाठी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनुसार (कायद्याखाली केलेल्या नियमांनुसार) रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. भरती रुग्णाचे कागद जपण्याचं बंधन मात्र उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचंच आहे, त्यामुळे वेळ दवडू नका.

काही ठिकाणी ही मुदत ‘कामकाजाचे ५ दिवस’ अशी वाचायला मिळते. ती २०२३ च्या विनियमांतली. डॉक्टरांच्या व्यवसायाचं देशपातळीवर नियमन करणाऱ्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने विनियम करण्याचा अधिकार दिला आहे. त्या अधिकारात आयोगाने २ ऑगस्ट २०२३ ला नवी आचारसंहिता आणली. औषधं जेनेरिक नावानेच लिहिण्याच्या सक्तीवरून डॉक्टरांच्या संघटनांनी जोरदार विरोध केला आणि २३ ऑगस्टला आयोगानेच ती स्थगित करून २००२ चे विनियम पुन्हा लागू केले. म्हणून अर्जात २००२ च्याच विनियमांचा हवाला द्या.

तक्रार रुग्ण स्वतः करू शकतो; तो हयात नसेल तर जवळचा नातेवाईक. डॉक्टर अ‍ॅलोपॅथीचे असतील तरच महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या राज्याच्या परिषदेकडे जा. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यक यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि पावतीवर असायलाच हवा, तो तक्रारीत लिहा. घटनाक्रम तारखेनिशी मांडा. सोबत केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, बिलं, डिस्चार्ज कार्ड किंवा मृत्यूचा दाखला आणि केसपेपरच्या अर्जाची पोच यांच्या प्रती जोडा. कागद मिळालेच नसतील तर ती पोच हाच मोठा पुरावा, कारण कागद नाकारणं हा स्वतंत्र गैरवर्तनाचा मुद्दा ठरतो.

कौन्सिल डॉक्टरांचा खुलासा मागवते, दोन्ही बाजू ऐकते. विनियमांत निकालासाठी ६ महिन्यांची मर्यादा आहे. दोष सिद्ध झाला तर ताकीद देता येते, किंवा नोंदवहीतून नाव काही काळासाठी वा कायमचं काढता येतं. नुकसानभरपाई इथे मिळत नाही, त्यासाठी ग्राहक आयोग.

निकाल पटला नाही तर? २००२ च्या विनियमांत ‘कोणत्याही बाधित व्यक्तीला’ ६० दिवसांत अपील करता येतं. पण २०१९ च्या कायद्याचं कलम ३० अपिलाबाबत फक्त डॉक्टरांचा उल्लेख करतं आणि विनियम कायद्याच्या वर जाऊ शकत नाही. याच आधारावर राष्ट्रीय आयोगाकडून रुग्णांची अपिलं परत गेली आहेत. हा उघड अन्याय आहे आणि तो दूर करायला कायद्यातच दुरुस्ती हवी. रुग्णापुढे उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग उरतो. त्यासाठीही कौन्सिलच्या आदेशाची प्रत लागते, ती मागून घ्या.